सावनेर पट्ट्यातील हंगामी माणसे

विकसनशील प्रदेशांतील स्थलांतरावर जे लिहिले जाते त्यात एक गृहीतक जवळजवळ सर्वत्र आढळते : जिथे काम नाही तिथली माणसे काम असलेल्या प्रदेशाकडे जातात आणि काही काळाने तिथेच रुजतात. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा मात्र तपासून घ्यावा लागतो, आणि तो तपासायला नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यासारखी सोयीची जागा विदर्भात क्वचितच सापडेल. या तालुक्याच्या पोटात कोळसा आहे, खापरखेड्याला १,३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे, वर कापूस, संत्रा आणि सोयाबीनची शेती आहे आणि नागपूर शहर जेमतेम ३५-४० किलोमीटरवर आहे. कामाचा दुष्काळ म्हणावा असे येथे काही नाही. तरीही तालुक्यातील तरुण बाहेर जातात, सातपुड्याच्या डोंगरातील कुटुंबे हंगामात येथे येतात, आणि आलेल्यांपैकी बहुतेक जण कितीही वर्षे येत राहिले तरी येथले होत नाहीत. माणूस कुठे जातो हे प्रदेशाप्रदेशातील विषमतेवरून कळत असले, तरी तो तिथे वस्ती करतो की नुसता ये-जा करत राहतो हे त्याला मिळणाऱ्या कामाच्या स्वरूपावरून ठरते, असे या तालुक्याच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या इतिहासावरून म्हणता येते.

येथे कामाचे स्वरूप म्हणजे काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी घानाची राजधानी अक्रा येथे उत्तरेकडून आलेल्या स्थलांतरितांचा अभ्यास करून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अनौपचारिक’ उत्पन्नाची कल्पना मांडली आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७२ च्या केनियाविषयक अहवालातून ती जगभर नेली. त्या कल्पनेत फेरीवाला, चांभार, गॅरेजवाला अशी स्वतःच्या हिमतीवर जगणारी माणसे प्रामुख्याने होती. भारतात मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. असंघटित क्षेत्रासाठी नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ च्या अहवालात क्षेत्र आणि रोजगार यांची फारकत केली : कारखाना नोंदणीकृत असला, सरकारी असला, तरी त्यात राबणाऱ्या ज्या माणसाला नोकरीची शाश्वती आणि मालकाकडून सामाजिक सुरक्षा मिळत नाही तो असंघटित कामगारच होय. या व्याख्येनुसार देशातील सुमारे ९२ टक्के कामगार असंघटित ठरले. सावनेरच्या संदर्भात ही फारकत फार महत्त्वाची आहे, कारण येथील विषमतेची रेषा शेती आणि उद्योग यांच्या मधून जात नाही. ती एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन माणसांच्या मधून जाते.

कोळशाच्या इतिहासात ही रेषा उमटताना दिसते. खासगी मालकीच्या काळात मध्य भारतातील कोळसाखाणींचा मजूर बहुतांशी हंगामी होता. पेरणीच्या वेळी तो गावी निघून जाई आणि खाणमालकाला त्याला थांबवून ठेवण्याची गरजही वाटत नसे, कारण ठेकेदार दुसरी टोळी आणून देत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशाची मागणी वाढली तेव्हा देशातील अनेक खाणींसाठी गोरखपूरकडून मजूर भरती करण्यात आले; त्यांना छावण्यांत ठेवले जाई आणि मुदत संपली की परत पाठवले जाई. म्हणजे माणूस हवा होता, त्याचे कुटुंब नको होते. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी उभी राहिली, आणि पुढील काही वर्षांत चित्र पालटले. राष्ट्रीय वेतन करार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, क्वार्टर यांची हमी मिळताच सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी या भागांत छिंदवाडा, छत्तीसगड, उत्तर प्रदेश येथून आलेली कुटुंबे वस्ती करून राहिली. मुले मराठी शाळांत गेली, लग्नसंबंध इकडेच जुळले आणि निवृत्तीनंतर अनेकांनी सावनेर-खापरखेड्याकडेच प्लॉट घेऊन घरे बांधली. ही माणसे मूळची ज्या गावांतून आली तिथली गरिबी एका दशकात संपलेली नव्हती आणि सावनेरची समृद्धीही अचानक वाढलेली नव्हती. बदलला होता तो कामाचा करार, आणि त्याबरोबर स्थलांतराची जातच बदलली.

परंतु या स्थैर्याने एक नवी विषमता जन्माला घातली, आणि कामगार चळवळीच्या इतिहासात तिची चर्चा असावी तेवढी होत नाही. कोळसा वेतन करारात सेवेत असताना मृत्यू आलेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. भूगर्भातील कामाचा धोका पाहता ती न्याय्यच म्हटली पाहिजे. त्याच वेळी कायम नोकऱ्यांची एकूण संख्या घटत गेली. कोल इंडियाचे मनुष्यबळ एकेकाळी सहा लाखांच्या वर होते, ते आता अडीच लाखांच्या आत आले आहे, आणि या काळात उत्पादन मात्र कितीतरी पटींनी वाढले आहे. नवी भरती जवळजवळ थांबलेली आणि वारसाहक्काचा दरवाजा तेवढा उघडा, अशा स्थितीत कायम नोकरी जमिनीसारखी होते : ती मिळवता येत नाही, बापाकडून येते. दुसरा दरवाजा प्रत्यक्ष जमिनीचाच आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार खाणीसाठी संपादित होणाऱ्या दर दोन एकरांमागे एक नोकरी हे कमाल प्रमाण ठरवले गेले. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला मोबदला मिळतो, काहींना नोकरीही मिळते. त्याच वावरात पिढ्यान्‌पिढ्या निंदण आणि डवरणी करणाऱ्या भूमिहीन मजुरासाठी मात्र या धोरणात स्वयंरोजगाराला मदत आणि ठेकेदारांनी त्याला प्राधान्याने घ्यावे असा आग्रह, यापलीकडे फारसे काही नाही. शेत गेल्यावर मजुरीही जाते, पण मजुरीचा पंचनामा होत नाही. एकाच संपादनाने एका घराला आयुष्यभराचे वेतन मिळते आणि शेजारच्या घराला ठेकेदाराचा किंवा एस.टी.च्या थांब्याचा रस्ता धरावा लागतो. त्या दुसऱ्या घरातून पुढे जे स्थलांतर होते त्याचे कारण नोंदवहीत ‘रोजगारासाठी’ एवढेच लिहिले जाते.

खाणीतील माती-दगड हटवणे, कोळशाची वाहतूक, वीज केंद्रातील कोळसा हाताळणी, राख काढणे, बॉयलरची दुरुस्ती आणि साफसफाई ही कामे आता मुख्यतः कंत्राटी कामगार करतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कायमस्वरूपी कामात कंत्राटी पद्धत रद्द करण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि १९९६ च्या एअर इंडिया प्रकरणातील निकालाने अशी पद्धत रद्द झाली की कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे कर्मचारी होतात असे मानले होते. ‘आज ना उद्या कायम होऊ’ या आशेला तेव्हा कायद्याचा आधार होता. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात तो आधार काढून घेतला. अर्थशास्त्रज्ञ जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० साली मांडलेले प्रतिमान येथे आठवते : शहरात बेकारी दिसत असतानाही खेड्यातील माणूस शहराकडे येतो, कारण चांगली नोकरी मिळण्याची जी शक्यता त्याला वाटते तिच्या हिशोबात गावची निश्चित पण तोकडी मजुरी सोडणे परवडते, म्हणजे तो एका रांगेत उभा राहतो. खापरखेड्यासारख्या ठिकाणी ही रांग आहे, पण ती पुढे सरकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, कामगार तोच राहतो आणि त्याची सेवा नव्याने सुरू झालेली दाखवली जाते. या रांगेतून जे बाहेर पडू शकतात ते स्थानिक आणि थोडे शिकलेले असतात. आयटीआय केलेला मुलगा बुटीबोरीला किंवा पुण्याजवळच्या चाकणला जातो, आणि तिथेही बहुधा ठेकेदारामार्फतच लागतो.

या रांगेच्याही बाहेर, अगदी तळाशी, छिंदवाड्याकडून येणारी हंगामी कुटुंबे आहेत. त्यांना ‘परप्रांतीय’ म्हणताना थोडा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा हे एकाच मध्य प्रांताचे, नंतर मध्य प्रदेशाचे जिल्हे होते आणि नागपूर ही दोघांची राजधानी होती. कन्हान नदी छिंदवाड्यातून उतरून खाप्यावरून वाहते. सौंसर आणि पांढुर्णा या भागांत मराठी घराघरांत बोलली जाते. सातपुड्याची नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद होईपर्यंत इतवारी, पाटणसावंगी, सावनेर, सौंसर या वाटेने दोन्हीकडची माणसे नेत-आणत असे. राज्य पुनर्रचनेने या एकसंध श्रमप्रदेशाच्या मधोमध केळवदच्या पलीकडे एक रेषा ओढली, आणि रेषेच्या दोन्ही अंगांना मजुरीचे वेगवेगळे दर, वेगवेगळ्या शिधापत्रिका आणि वेगवेगळी कामगार खाती निर्माण झाली. रोजगार हमीची मजुरीच पाहिली तरी २०२४-२५ मध्ये ती महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये आणि मध्य प्रदेशात २४३ रुपये होती. सीमेवरच्या दोन शेजारी गावांत, एकाच प्रतीच्या जमिनीवर, एकाच खोदकामासाठी ५४ रुपयांचे अंतर!

तामिया, हर्रई, अमरवाडा या गोंडबहुल भागांतील कुटुंबाचे वर्ष पाहिले म्हणजे हंगामी स्थलांतराचे अर्थशास्त्र उलगडते. पावसाळ्यात घरच्या तुकड्यावर मका पेरला जातो. तो निघाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, विदर्भातील शेतकरी सीतादही करून कापसाच्या वेचणीला लागतो तेव्हा मजुरांच्या टोळ्या घाट उतरतात. वेचणी, त्याच्या जोडीला आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी, आणि हे संपले की काहींना वीटभट्टी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्त्याला बहुतेक जण परत जातात. मग पुन्हा नांगर. म्हणजे या कुटुंबाला मिळणारी मजुरी फक्त हंगामाच्या दिवसांचे पोट भरते; म्हातारी माणसे, लहान मुले, आजारपण, बाळंतपण आणि बिनकामाचे महिने यांचा सारा भार घरचा मका आणि जंगलचा मोह उचलतात. हॅरॉल्ड वोल्प यांनी १९७२ साली दक्षिण आफ्रिकेतील खाणमजुरांविषयी आणि त्यानंतर क्लोद मेइयासू यांनी पश्चिम आफ्रिकेच्या आधारे हेच सूत्र मांडले होते : मजुराचे गाव त्याच्या कुटुंबाला पोसते म्हणून मालकाला कुटुंबाच्या खर्चाएवढी मजुरी द्यावी लागत नाही. या दृष्टीने पाहिले तर सावनेरचा कापूस आणि तामियाचा मका हे एकाच हिशोबातील जमा-खर्च आहेत, फक्त ते दोन राज्यांच्या दोन वह्यांत लिहिलेले असतात. गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशाकडून मजुरी मिळवतो एवढेच सांगितले जाते. गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशाला अनुदान देतो हे सांगितले जात नाही.

वेचणीची मजुरी रोजावर नसते, किलोवर असते, आणि त्यात एक बारीक खोच आहे. पहिल्या वेच्याला बोंडे भरघोस असतात, तेव्हा दिवसाला चांगली कमाई होते; पुढच्या वेच्यांत, विशेषतः फरदडीत, तेवढ्याच श्रमात निम्माही कापूस हाती येत नाही. दर थोडा वाढवून दिला तरी उतरत्या पिकाची जोखीम अशा रीतीने वेचणाऱ्या बाईच्या अंगावर ढकलली जाते. बाईच्या, कारण वेचणी ही बहुतांशी बायकांचीच. नवरा-बायको आणि मोठी मुले मिळून जो कापूस भरतो तो संध्याकाळी एकत्र मोजला जातो आणि पैसे घरच्या पुरुषाच्या हातात पडतात. शाळेचे पहिले सत्र मुलांना कसेबसे मिळते, दुसरे मिळत नाही.

या टोळ्यांविषयी तालुक्यातील शेतकऱ्याची तक्रार सर्वश्रुत आहे : गावात मजूर मिळत नाही, फुकटच्या धान्याने लोक आळशी झाले, म्हणून बाहेरून माणसे आणावी लागतात. ही तक्रार अर्धीच खरी आहे. गावचा मजूर कामाला नाही म्हणतो तो शेतातल्या कामाला. वीज केंद्रात, खाणीच्या ठेक्यात, रेतीच्या घाटावर, नागपूरच्या बांधकामावर तोच माणूस पहाटे उठून जातो, कारण तिथे महिन्याला पंचवीस हजेऱ्या भरतात आणि शेतात पंधरा भरण्याचीही खात्री नसते. बाहेरून आलेल्या कुटुंबाचे वेगळे असते. ते शेतातल्या कोठ्यात किंवा पालात राहते, त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्याला गावातले लग्न, तेरवी, ग्रामसभा यांपैकी काहीच नसते, आणि उजेड असेपर्यंत ते वेचत राहते. शेतकऱ्याला स्वस्त मजूर हवा असतो असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पाच एकरांच्या कोरडवाहू कपाशीवाल्याला पाऊस यायच्या आत कापूस घरी आणायचा असतो आणि त्याला खात्रीचा मजूर हवा असतो. पण ही खात्री ज्यातून येते ती गोष्ट म्हणजे समोरच्या माणसापुढे दुसरा पर्याय नसणे. मजुरांची टंचाई आहे असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा टंचाई बहुधा अशा निरुपाय माणसांची असते. दक्षिण गुजरातमधील ऊसतोडीचा दीर्घ अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीही स्थानिक मजूर हजर असताना बाहेरचा मजूर आणण्यामागे हेच गणित दाखवून दिले आहे, आणि मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या कोयत्यांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

एकाच तालुक्यात अशा रीतीने हलण्याच्या अनेक तऱ्हा एकमेकींवर रचलेल्या दिसतात. ज्याच्या घरी बागायत किंवा कायम पगार आहे त्याचा मुलगा पुण्याला जातो आणि तिथे फ्लॅट घेतो. ज्याच्याकडे मोटरसायकलच्या हप्त्याइतकी पत आहे तो नागपूर, कळमेश्वर किंवा हिंगण्याला रोज अपडाऊन करतो. घर गावात, काम शहरात. ज्याच्याकडे तेही नाही तो ठेकेदाराच्या गाडीत बसतो. आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो कुटुंबासह, भांड्यांसह, शेळीसह येतो. सर्वांत गरीब माणूस सर्वांत दूर जातो हा समज म्हणूनच फसवा आहे. १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रॅव्हनस्टाइन यांनी बहुतेक स्थलांतर थोड्या अंतराचे असते असे सांगितले होते, आणि ते आजही लागू पडते. दूर जाऊन टिकायलाही काही भांडवल लागते.

मोजणीत मात्र यांपैकी बरेच काही निसटते. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने एक महिना किंवा अधिक पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्या व्यक्तीला अल्पकालीन स्थलांतरित मानले. वर्षात वीस दिवसांची एकच फेरी करणारी वेचणारी त्यात बसत नाही आणि अपडाऊनवाला तर कशातच बसत नाही. उलट २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीत स्थलांतरितांचे प्रमाण २८.९ टक्के निघाले, ते मुख्यतः लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांमुळे. जी बाई सावनेरहून काटोलला नांदायला गेली ती स्थलांतरित ठरते. जी दरवर्षी तामियाहून सावनेरला राबायला येते ती बहुधा ठरत नाही.

चीनमध्ये १९५८ पासून चालत आलेली हुकोऊ ही कुटुंबनोंदणीची पद्धत आता खेड्यातील माणसाला शहरात कामगार म्हणून येऊ देते, पण शाळा, दवाखाना आणि घर यांवरचा हक्क मूळ गावाशी बांधून ठेवते. भारतात असा परवाना नाही आणि घटनेने कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तरीही परिणाम फारसा वेगळा दिसत नाही, कारण जे काम चीनमध्ये नोंदवही करते ते येथे ठेका करतो. कामाची मुदत हंगामापुरती, राहणे मालकाच्या मर्जीवर आणि देयक मुकादमामार्फत असे असताना वस्ती करण्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरते. ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाल्याने धान्यापुरती वाट मोकळी झाली आहे, ही लहान गोष्ट नाही. पण हंगामी मजुराला धान्याहून अधिक अडते ते मजुरीच्या हिशोबाशी, आणि त्या हिशोबाला कोणतीच पत्रिका नाही. टाळेबंदीत ही स्थिती सर्वांना दिसली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर मालगाडीखाली सापडून मेलेले १६ जण जालन्याच्या पोलाद उद्योगात काम करणारे, मध्य प्रदेशातील उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांचे होते. कारखाना बंद होताच त्यांना त्या शहरात राहण्याचे कारणच उरले नव्हते.

कायद्यांचा विचार केला तर १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च यांची तरतूद होती, परंतु तो ठेकेदारामार्फत आलेल्या पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेपुरता होता. कपाशीचे वावर त्या चौकटीत व्यवहारात कधी आलेच नाही. २०२० च्या श्रमसंहितेने हा कायदा सामावून घेताना स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले हे योग्य झाले, पण आस्थापनेची मर्यादा दहा कामगारांवर नेली. महाराष्ट्राकडे याहून उपयोगी असा स्वतःचा नमुना आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक अनेक आणि कामगार फिरता, अशा व्यवसायात मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ आणले. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरील आकार मालकाने मंडळात भरायचा, आणि भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, उपचार मंडळाने पाहायचे. नागपूरच्या बाजारांतही ही व्यवस्था चालते. कामगार एका मालकाकडे कायम नसला तरी त्याच्या श्रमाची नोंद कायम राहू शकते, हे या कायद्याने अर्धशतकापूर्वी सिद्ध केले.

वेचणीला ही मंडळाची व्यवस्था लावण्यातली अडचण उघड आहे : पाच एकरांच्या शेतकऱ्याकडून आकार वसूल करणे शक्य नाही आणि न्याय्यही नाही. पण कापूस शेवटी बाजार समितीत किंवा जिनिंगमध्ये येतो आणि बाजार समिती खरेदीदाराकडून सेस घेतच असते. क्विंटलमागे काही रुपयांचा स्वतंत्र आकार तिथेच घेऊन तो वेचणाऱ्यांच्या मंडळाकडे वळवता येईल. संत्र्याच्या बाबतीत उभा बगिचा घेणारा व्यापारीच तोडणीची टोळी लावतो, त्यामुळे तिथे मालक शोधण्याची अडचणही नाही. आक्षेप येईल तो सीमेचा. सावनेरच्या बाजारात आकार लागला आणि सौंसर-पांढुर्ण्याला लागला नाही, तर कापसाच्या गाड्या केळवदवरून पलीकडे जातील आणि मंडळाची तिजोरी रिकामी राहील. शिवाय नोंदणी जर फक्त महाराष्ट्रात झाली तर मार्चमध्ये मोह वेचायला घरी परतलेल्या बाईला तामियाच्या दवाखान्यात त्या नोंदीचा उपयोग काय, हाही प्रश्न राहतो. म्हणून असे मंडळ करायचे झाल्यास ते नागपूर, छिंदवाडा आणि २०२३ मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा या तीन जिल्ह्यांचे मिळून करावे लागेल. नदीच्या पाण्याच्या वाटपासाठी या दोन राज्यांनी करार केलेले आहेत. मजुरांसाठी तसा एकही करार अद्याप झालेला नाही.